किसनबुवांची मशीन

मधुभाऊ गेल्याची तार आली तेव्हा मी अकोल्याच्या दुकानात नव्या मॉडेलची खोकी उघडत बसलो होतो. कंपनीनं पुन्हा मॉडेल बदललं होतं. या वेळी तर काचेचे व्हॉल्व्हच काढून टाकलेले, आत सगळे ट्रान्झिस्टर. वजनाला हलकी, खटका दाबला की लगेच बोलणारी, तापायची वाट पाहणं नाही. तार वाचली, खिशात ठेवली आणि पुढचं खोकं उघडलं. माणूस असं का वागतो कोण जाणे... पेंढा बाजूला सारून मशीन टेबलावर ठेवली आणि मग मात्र हात चालेना. ही मशीन पाहून मधुभाऊ काय म्हणाला असता ते मला तोंडपाठ होतं. दुकान बंद केलं आणि अमरावतीची एस.टी. धरली.

ॲम्प्लिफायरला आमच्याकडे सगळे मशीनच म्हणतात. लग्न असो, सभा असो, भजन असो, मशीन आणि भोंगे आल्याशिवाय मांडवात जीव येत नाही. अमरावतीत आमचं दोघांचं भागीतलं दुकान होतं. तो मशीनी बांधायचा, मी विकायचो. सुरुवातीला खेड्यांत वीज कुठली? तेव्हा मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या मशीनी आम्ही बैलगाडीतून पोचवल्या. मग हळूहळू खांब आले, तारा आल्या, आणि बॅटरीवाली मशीन सगळ्यांना नकोशी झाली. विजेवरची आली तर वर्षा-दोन वर्षांत तिच्याहून मोठ्या व्हॉल्व्हची आली, दोन भोंग्यांच्या जागी चार आले. मी मुंबईहून कंपनीची माहितीपत्रकं आणायचो, शेजारच्या गावानं कोणती घेतली ते पुढच्या गावाला सांगायचो, आणि धंदा चालायचा. मधुभाऊ ती रंगीत पत्रकं चाळून माझ्याकडे फेकायचा. "कंपनीचं काय जाते बे? छापखाना हाये तिचा. गावाले कान दोनच हायेत." तरी नवीन काय निघालं हे तो माझ्याआधी वाचून काढायचा, हेही खरं.

मशीन विकली असं तो कधी म्हणत नसे, 'दिली' म्हणायचा. भातकुलीकडे दिली, अंजनगावला दिली. लगीनसराई संपून पाऊस लागला की मांडवाचं काम बंद, आणि गावोगावच्या मशीनी सफाईसाठी आमच्याकडे यायच्या. एस.टी.च्या टपावरून, गोधडीत गुंडाळून. मधुभाऊच्या भाषेत त्या माहेरी यायच्या. त्याची बायको सुमनवहिनी वैतागून म्हणायची, "लेकी यांच्या, अन् धूळमाती म्या काढाची!" पण धूळमाती काढून तो थांबत नसे. त्या वर्षात जे काही नवीन शिकला असेल ते प्रत्येक जुन्या मशीनीत घालून द्यायचा. एकीला नवा ट्रान्सफॉर्मर, दुसरीला नवे व्हॉल्व्ह. मालकाला विचारणं नाही, सांगणं नाही. मी चिडायचो. जुनीच मशीन नवी होऊन परत गेली तर नवी घेणार कोण? तो मान वर न करता म्हणायचा, "लेक माहेरातून रिकाम्या हातानं जाते काय?" मी चहा सांगायचो.

याच खोडीनं त्याचा घात केला. भातकुलीपलीकडच्या एका गावात किसनबुवा म्हणून खंजिरीवर भजन म्हणणारे होते. आम्ही बांधलेल्या अगदी पहिल्या मशीनींपैकी एक त्यांच्या भजनमंडळाकडे होती. बुवांचा आवाज असा की मोझरीच्या आश्रमात ते गायला बसले की माणसं हातातला घास तसाच ठेवून ऐकत. मधुभाऊ तर त्यांचा वेडाच होता. बुवांचं वय होत गेलं, पण भजन तसंच चालू राहिलं. मशीन जुनी, तिचा आवाज जरा जाडसर, घोंगडीखालून आल्यासारखा. बुवांच्या गळ्यातलं जे काही झिजलं होतं ते त्या घोंगडीखाली झाकून जात होतं. हे बुवांना ठाऊक नव्हतं, मंडळाला नव्हतं, आणि आम्हालाही नव्हतं. एका पावसाळ्यात मधुभाऊनं स्वतःच्या हातानं तार गुंडाळून भोंग्यांना आवाज पोचवणारा एक ट्रान्सफॉर्मर केला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, असं तोच म्हणाला. तो कुणाच्या मशीनीत घालायचा हा प्रश्नच नव्हता. बुवांच्या मशीनीतला जुना निघाला, तो अंजनगाव सुर्जीच्या मशीनीत गेला, आणि बुवांची मशीन नवा साज लेवून गावाला निघाली. ऐकायला आम्ही दोघंही तिच्याबरोबर गेलो.

संध्याकाळची वेळ, देवळासमोर सगळं गाव बसलेलं. व्हॉल्व्ह तापले, बुवांनी खंजिरीवर थाप मारली आणि माणसं चकित झाली. खंजिरीच्या चकत्या वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. मग बुवांनी तोंड उघडलं... खरखर, धाप, शब्दाशब्दाला लागणारा दम, सगळं स्वच्छ. वरच्या सुरावर गेले आणि आवाज फाटला, आणि चारी भोंग्यांनी तो फाटका आवाज पार शिवारापर्यंत नेला. लोक एकमेकांकडे पाहू लागले. बुवांनी खंजिरी खाली ठेवली. भोंग्याकडे पाहत विचारलं, "मधू, हा माहा आवाज हाये काय?"

मधुभाऊ मशीनीशेजारी बसला होता. मशीन बिघडली म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं? पण यंत्राविषयी खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. तो म्हणाला, "हाव बुवा. तुमचाच हाये."

"मंग आजवर लोक काय आयकून राहिले होते?"

पुढच्या भजनाला मंडळानं बुवांच्या जागी एका तरुण गायकाला बसवलं. मंडळ खूश, मशीन कशी झकास झाली म्हणून आम्हाला निरोप. बुवांनी मात्र गाणं सोडलं ते सोडलंच.

मधुभाऊला मग चैन पडेना. मंडळ ती मशीन परत द्यायला तयार नव्हतं. हा अंजनगावला गेला, तो जुना ट्रान्सफॉर्मर काढून आणला, आणि बुवांसाठी तशीच दुसरी मशीन बांधली. तीच जाडसर, घोंगडीखालची. ती घेऊन त्यांच्या दारी गेला. बुवा म्हणाले, "लेका, एकदा समजलं ते समजलं. आता झाकून कसा गाऊ?" मशीन परत आली आणि दुकानातल्या फळीवर बसली. दर पावसाळ्यात मधुभाऊ ती पुसायचा, तापवायचा, माईकवर बोलून पाहायचा आणि बुवांना बोलवायला जायचा. दर वेळी एकटाच परत यायचा. नवीन बांधणं त्यानं बंद केलं. मशीनी माहेरी येत, धूळ झटकून तशाच परत जात. मलाही कंटाळा आला होता, त्याच्या या धरून बसण्याचा, कंपनीच्या नव्या नव्या मॉडेलांचा, सगळ्याचाच. मी एजन्सी घेऊन अकोल्याला आलो. भांडण नव्हतं, दोघंही थकलो होतो इतकंच.

शेवटचा भेटलो तेव्हा दम्यानं तो पार खंगला होता. बोलता बोलता म्हणाला, "त्या दिवशी मशीनच खराब हाये म्हटलं असतं, त माह्या बापाचं काय जात होतं सांग बरं? बुवा एकदा गायले ना, त मी सुटलो." मी म्हटलं, गातील रे.

तेरवीला बुवा आले. पार वाकलेले, काठी टेकत, खांद्याच्या पिशवीत खंजिरी. दुकान घरालाच लागून, आणि दिवस पावसाळ्याचे. मधुभाऊ गेला तरी मशीनी नेमानं आल्या होत्या, गोधड्यांत गुंडाळून भिंतीशी ओळीनं बसल्या होत्या. बुवा म्हणाले, "मशीन लाव." मी घाईघाईनं फळीवरची काढली. किती वर्षं ती याच माणसासाठी तयार होती! बुवांनी हात आडवा केला. "हे नोको. ते गावातली आली असंन ना? ते लाव."

भातकुलीकडची मशीन गोधडीतून सोडून लावली. व्हॉल्व्ह लाल झाले. बुवा गायले. आवाज नव्हताच, नुसती खरखर आणि धाप, आणि भोंग्यानं त्यातलं काहीही लपवलं नाही. वरच्या सुरावर, अगदी तिथंच, आवाज फाटला. बुवा थांबले नाहीत. फाटक्या आवाजात अख्खं भजन म्हटलं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो, लाज वाटली नाही. संपल्यावर बुवांनी मशीनीवर हात ठेवला आणि वहिनीला म्हणाले, "बरोबर सांगतलं होतं त्यानं. मीच आयकाले भेलो."

हे त्याला ऐकायला मिळालं नाही. हे मला अजून सोसत नाही.

गेल्या आठवड्यात मंडळाची माणसं मशीन न्यायला आली, तेव्हा मी अमरावतीतच होतो. वहिनीनं विचारलं, "भाऊजी, हिच्यात यंदा काय घालाचं?" मला काय येतं? मी आयुष्यभर विकलं, बांधलं नाही, आणि ते जुने व्हॉल्व्ह कंपनी आता पाठवतही नाही. मी म्हटलं, पुसून द्या, झालं. वहिनी आत गेली आणि एक खोळ घेऊन आली, नव्यानं शिवलेली, मशीनीच्या मापाची. मशीनीवर चढवली, नाड्या बांधल्या. मधुभाऊच्या खाकी सदऱ्यांची होती. पुढच्या बाजूला, जिथं त्याची छाती असायची तिथं, तारांना डाग देताना उडालेल्या गरम कथलानं पडलेली बारीक बारीक भोकं तशीच होती.