आत्याची विहीर आणि फास्ट मॅथ

वाशीमच्या आमच्या घरात भूजलाचे नकाशे बनतात. प्रोग्राम नवऱ्याचा, विहिरींची माहिती माझी. गावोगावच्या बाया विहिरीत फीत सोडून पाण्याची खोली मला फोनवर लिहून कळवतात. किन्हीराजाकडच्या एका गावातून कळवते ती माझी सख्खी आत्या.

नवरा म्हणजे रेल्वेचं फाटक पडलं तरी खालून मोटारसायकल काढणारा माणूस. लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर; त्याला यानं 'फास्ट मॅथ'ची सेटिंग लावली. दिवसभराचं गणित चहा होईस्तोवर उरकलं. स्वारी खूश! मी नकाशा पाहिला तर आत्याचं गाव निळं, म्हणजे पाणी भरपूर. तिनं तर या वेळी आकडाच पाठवला नव्हता. दुसऱ्या दिवशी याच नकाशावरून टँकरची गावं ठरणार होती. मी नकाशा नवऱ्यापुढे धरला.

नवऱ्यानं शोधून काढलं. आकडा नसेल तर गाव राखाडी दाखव, असं प्रोग्राममध्ये होतं. पण या सेटिंगमुळे कंपायलर सगळे आकडे धड आहेत असं धरून चालतो, त्यामुळे त्यानं ती तपासणीच गाळली. पाणी फार खोल असेल तर लाल, नाहीतर निळं. कोरी जागा कशाहूनच खोल नव्हती, म्हणून गाव निळं.

"माह्यंच चुकलं," म्हणत त्यानं सेटिंग काढली. "पन आता राखाडी येईन. राखाडी गावाले टँकर कोन देते?"

मी फोन लावला. "आत्या, विहिरीले पानी आहे काय?"

"पानी कुठचं माय! बुडाचे गोटे दिसून राह्यले."

"मंग कळवलं काहून नाही?"

"विहीर आटली, असं कोनी आपल्या हातानं लिवते काय?"

'संपलं' म्हणणं अशुभ, म्हणून तिच्या घरात मीठसुद्धा संपत नाही, 'वाढतं'. मी रागवणार होते, पण तिचा आवाज ऐकून राग जिरला.

"माह्यानं नाही होत. तूच लिव," ती म्हणाली.

त्याच विहिरीत मी पोहायला शिकले होते. 'कोरडी' लिहिताना फार वाईट वाटलं. मग गणित रांगत राहिलं आणि फाटकावर न थांबणारा माणूस मुकाट्यानं पडद्यासमोर बसून राहिला. मला त्याची माया आली. संध्याकाळी गाव लाल झालं.

"आत्या, लिवलं. आता टँकर येईन."

ती म्हणाली, "बरं केलं. आता गुळाचा खडा खाय, बाई. असं लिवल्यावर तोंड कडू ठेवू नोको."