पहिली फेरी गडहिंग्लजची

विटांच्या ढिगाऱ्यांवर चढवलेली, चाकं नसलेली एक काळी मोटार आणि तिच्या पोटाखालून बाहेर आलेले दोन पाय... माझ्या लहानपणीचे वडील मला आठवतात ते एवढेच. ते शाळेत शास्त्र शिकवायचे आणि शाळा सुटली की त्या मोटारीखाली शिरायचे. कुण्या सरदाराच्या तबेल्यात ती कित्येक वर्षं कुजत पडली होती. तिच्या गाद्यांवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तिथंच ठेवायची होती की!

आमच्या घरी चपातीला रॉकेलचा वास यायचा, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. आईच्या पितळी परातीत नटबोल्ट भिजत पडलेले असायचे, आंघोळीच्या बंबाशेजारी रेडिएटर, देवघराखाली हेडलाइट. विलायतेहून सुटे भाग मिळणं केव्हाच बंद झालेलं, तेव्हा कोल्हापुरातल्या उद्यमनगरच्या फाउंड्रीत लाकडी साचा करून एकेक भाग ओतून घ्यायचा. तो तडकला की वडील जेवत नसत, आणि ते जेवले नाहीत की आईही उपाशी. कापडी टप शिवायला एकही शिंपी तयार होईना, तेव्हा आईनंच ती जाड ताडपत्री शिलाईच्या यंत्रावर घेतली. सुया मोडल्या, बोटं फाटली. बोटांना चिंध्या गुंडाळून ती शिवत राहिली, कारण वडिलांनी तिला शब्द दिला होता— गाडी रस्त्यावर आली की पहिली फेरी गडहिंग्लजला, तुझ्या माहेरी.

तिकडे तिच्या वडिलांनी, आमच्या अप्पांनी, अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं होतं, "लेक मोटारीतनं येणार हाय माझी."

आणि एका दसऱ्याच्या सकाळी मोटार सुरू झाली. खोटं कशाला बोलू— तो पहिला आवाज ऐकून माझ्याही अंगावर काटा आला. आधी म्हाताऱ्यासारखी खोकली, खाकरली, मग एका लयीत घुमू लागली... झेंडूच्या वासात पेट्रोलचा वास मिसळला, आणि वडील चक्क रडले. आईनं मोटारीला ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ वाढवला. मग ताट घरात ठेवून, नवं लुगडं सारखं करत ती बाहेर आली, तर मोटार भरलेली! थोरले काका, तालमीचे दोघं वस्ताद आणि शाहूवाडीकडचे कुणी लांबचे सोयरे मांडीला मांडी लावून बसलेले.

"पावणं हायत गं," वडील हळूच म्हणाले, "न्हाय कसं म्हणायचं? तुला फुडच्या ऐतवारी न्हेतो की."

मोटार पन्हाळ्याला गेली. पुढच्या रविवारी कुणाची तरी वरात निघाली. त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचे साहेब आले. कोल्हापुरात 'न्हाय' हा शब्द पावण्यांसाठी नसतोच, तो घरच्या बायकांसाठी राखून ठेवलेला असतो! दर रविवारी आई आवरून बसायची आणि दुपारी मुकाट्यानं लुगडं बदलून चुलीपुढं जायची. संताप व्हायचा माझा. तिचाही व्हायला हवा होता.

माघात निरोप आला. अप्पा गेले.

वडिलांनी धावत जाऊन मोटार दारात आणली. पहिल्यांदाच ती रिकामी होती. "चल, बस लवकर," ते म्हणाले.

आई पायरीवरच थांबली. "यष्टीनं जाईन मी. आता कुणाला दावायची ही?"

ती माझा हात धरून स्टँडकडे चालू लागली. वडील मागून आले आणि एसटीत जागा नव्हती म्हणून कागल, निपाणी करत थेट गडहिंग्लजपर्यंत उभेच राहिले. खिडकीतून उसाच्या फडांचा, गुऱ्हाळांचा गोड, करपट वास येत होता.

अप्पांच्या दारात बायकांनी हंबरडा फोडला. शेजारच्या म्हातारीनं आईला कवटाळलं, रडता रडता तिच्या मागं रस्त्याकडं पाहिलं आणि विचारलं, "मोटारीतनं येणार हुतीस न्हवं गं? कालच्या ऐतवारीबी सांजपतोर कट्ट्यावर बसून वाट बघितली की अप्पांनी. मोटार कुठं हाय?"

वडिलांनी मान खाली घातली. आई आता तरी बोलेल, सगळ्यांदेखत बोलेल, असं मला वाटलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

"बंद पडलीया ती," आई म्हणाली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

आज आई नाही, वडीलही नाहीत. मोटार चुलतभावाकडे आहे. हँडल मारलं की अजूनही पहिल्या झटक्यात सुरू होते.