भाचीचं रक्त आणि मामाचं लोह

अमळनेरहून सुरतेला जाणाऱ्या गाडीत माणसांपेक्षा पिशव्या जास्त असतात. खानदेशातलं निम्मं गाव सुरतेत लूम (यंत्रमाग) चालवतं आणि उरलेलं निम्मं त्यांच्यासाठी पापड, शेवया आणि कळण्याचं पीठ (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं) घेऊन गाडीत बसतं. मीही बसलो. माझ्या पिशवीत अळिवाचे लाडू होते, गुळाची ढेप होती आणि टॉवेलात गुंडाळलेली एक काळी बाटली होती. त्या बाटलीबद्दल आधीच सांगून टाकतो, कारण हा सगळा प्रवास तिच्यामुळेच लक्षात राहिला.

माझी भाची निकिता तेरा वर्षांची. तिला थॅलेसेमिया आहे. तिच्या अंगात धड रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त शिरेतून चढवावं लागतं. बाहेरच्या रक्ताबरोबर अंगात लोह साठत जातं, तेव्हा तिला लोहाचं काही द्यायचं नाही, असं माझी बहीण मंगल फोनवर कितीदा तरी बोलली होती. मी ऐकून घ्यायचो. ‘रक्त लाल कशामुळे? लोहामुळे!’ असं बत्तीस वर्षं शाळेत घोकून घेतलेल्या माणसाला सातवी शिकलेली बहीण लोह शिकवणार म्हणजे अतीच झालं. आमच्या गावच्या वैद्यांचंही मत पडलं की डॉक्टरांचं लोह वेगळं, भस्मातलं लोह वेगळं. त्यामुळे दोन वर्षं मी सुरतेला निघालेल्या प्रत्येक गाववाल्याच्या हाती लोहासवाची (वैद्यांचं लोहाचं औषध) अशीच एक काळी बाटली देत होतो. मंगलला सांगितलं होतं की खोकल्याचा काढा आहे. निकिताला मात्र खरं सांगितलं होतं: रोज दोन चमचे घे, रक्त वाढेल, आईला बोलू नकोस.

या खेपेला मी स्वतः निघालो, कारण निकिताच्या धाकट्या भावाचा बोन मॅरो तिला जुळला होता. तो चढवला तर दर तीन आठवड्यांची ही वारी कायमची थांबू शकणार होती. पण आधी तिच्या अंगातलं लोह खाली यायला हवं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते उतरलं की नाही हे या वेळच्या तपासणीत कळायचं होतं. मला काळजी नव्हती. घरातल्या एका शिकलेल्या माणसाचं लक्ष होतं ना.

उधना स्टेशनवर मेहुणे भगवानराव घ्यायला आले होते. ते पलसाण्याला कापड रंगवण्याच्या मिलमध्ये काम करतात. त्या दिवशी मिलमध्ये निळा रंग चालू असावा, कारण त्यांची नखं निळी होती. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ (जेवावं सुरतेत, मरावं काशीत) अशी म्हण ऐकवून त्यांनी मला आधी लोचो खाऊ घातला. लोचो म्हणजे खमण करताना पीठ बिघडलं म्हणून जन्माला आलेला, तेलात आणि शेवेत माखलेला गरम गोळा. चूक झाली तरी सुरतेचा माणूस टाकून देत नाही, त्यावर कांदा घालून विकतो. मी दोन बशा खाल्ल्या आणि मग मेहुण्यांना तेलाचे दुष्परिणाम समजावले.

डिंडोलीत मंगलच्या गल्लीत शिरलं की आपण धुळ्यात आहोत की जळगावात, एवढाच प्रश्न पडतो. मध्येच कुणी जालन्याचा, कुणी अकोल्याचा. कोपऱ्यावर एक दवाखाना आहे. तिथल्या भिंतीला ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला सलाइनची बाटली. लूमची सुट्टी असली की इथली माणसं हौसेने बाटली लावून घेतात. पांढरी बाटली अशक्तपणाला, पिवळी तापाला आणि लाल बाटली रक्त वाढायला, अशी रंगांची वाटणी सगळ्यांना तोंडपाठ. शेजारचे जालन्याचे गणपतराव मला पाहुणा म्हणून आग्रह करू लागले, ‘गुरुजी, एक लाल लावून घ्या, प्रवासाचा शीण जाईल.’ चहा विचारावा तशी ही बाटली विचारतात.

मी त्यांना उभ्या उभ्या अर्धा तास शिकवलं. त्यात मीठपाणी असतं, रंग नुसता जीवनसत्त्वाचा, रंग बघून औषध घेणारा माणूस अडाणी, आणि डॉक्टरला न विचारता तर काहीच घेऊ नये. गणपतराव मान डोलावत राहिले. व्याख्यान संपल्यावर ते दवाखान्यात शिरले आणि लाल बाटली लावून आडवे झाले. मी घरी आलो, मंगलची नजर चुकवून काळी बाटली निकिताच्या दप्तरामागे ठेवली आणि तिला डोळा मारला. ती हसली, पण जेमतेम.

जेवताना आणखी एक गंमत. निकिता भाकरीबरोबर चहा पीत होती. जेवताना चहा प्यायल्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही, हे मी लगेच सांगितलं. मंगल म्हणाली, त्यासाठीच डॉक्टरांनी प्यायला सांगितलाय. मी डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी शंका व्यक्त करून दुसरी भाकरी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. रक्त चढवण्याच्या त्या हॉलमध्ये दहा-बारा पलंग, प्रत्येकावर एक मूल, एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात मोबाईल. कोणी रडत नव्हतं. निकिताने स्वतःच सिस्टरला कुठली शीर चांगली आहे ते दाखवलं. पिशवीवरचं नाव आणि रक्तगट दोघी सिस्टरनी मोठ्याने वाचून ताडून पाहिला, मग थेंब सुरू झाले. पहिली पंधरा मिनिटं सिस्टर पलंगापासून हलली नाही. शेजारी एक ट्रे तयार होता. मी विचारल्यावर तिने सांगितलं की थंडी वाजली किंवा अंगावर पित्त उठलं तर आधी नळी बंद, मग हे इंजेक्शन. श्वासच अडकला तर हे दुसरं, तेही लगेच, मांडीत.

तेवढ्यात निकिता मान खाजवू लागली. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. सिस्टर शेजारीच होती, तरी मी ‘सिस्टर!’ म्हणून ओरडलो. सिस्टरने नळीची चावी फिरवली, इंजेक्शन दिलं, नाडी धरून उभी राहिली. डॉक्टरही येऊन बघून गेल्या. निकिता मलाच धीर देत होती: ‘मामा, टेन्शन नका घेऊ. होतं कधी कधी असं.’ अर्ध्या तासाने गांधी बसल्या आणि रक्त पुन्हा सुरू झालं, अगदी हळू. मंगलने एवढा वेळ धरून ठेवलेला पदर सोडला. हे सगळं ही पोर दर तीन आठवड्यांनी सोसते, हे मला माहीत होतं; पाहिलं मात्र पहिल्यांदाच.

दुपारी डॉक्टरांनी आम्हाला चौघांना खोलीत बोलावलं. लोहाचा आकडा उतरला नव्हता, चढला होता. त्यांनी मंगलला विचारलं, लोह उतरवायची गोळी चुकते का? मंगल रोज पाच वाजता उठून गोळी पाण्यात विरघळवते आणि लेकीने ग्लास रिकामा केल्याशिवाय चूल पेटवत नाही. ती शपथा घेऊ लागली. भगवानराव तिच्याकडे बघत होते, आणि ते बघणं चांगलं नव्हतं. डॉक्टरांनी मग निकिताला हिंदीत विचारलं, बाहेरचं काही औषध घेतेस का?

निकिताने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

‘नहीं मॅडम. गोली मैंने कभी कभी फेंक दी.’

मंगल खुर्चीतून अर्धी उठली आणि तशीच बसली. डॉक्टर कागदावर ते लिहू लागल्या. त्यांनी पेन टेकवल्यापासून वाक्य पूर्ण होईपर्यंत जेवढा वेळ गेला तेवढा वेळ मी गप्प बसलो, हे इथे लिहून ठेवतो. मी मान खाली घालून माझ्या चपला बघत होतो. बहिणीच्या घरात गुरुजी म्हणून माझा मान होता आणि तो तेरा वर्षांची पोर स्वतःच्या अंगावर घेऊन वाचवत होती. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

‘मॅडम, तिने गोळी फेकलेली नाही. दोन वर्षं मी तिला लोह पाजतोय. आईपासून लपवून.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. किती, कधीपासून, कशात, एवढंच विचारलं. मग शांतपणे म्हणाल्या, ‘गुरुजी, हम इधर से निकालते हैं, आप उधर से डालते हैं.’

त्यांनी आधीचं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं. आता गोळीच्या जोडीला पोटाच्या कातडीखाली सुई, तिला लावलेला लोह उतरवायच्या औषधाचा छोटा पंप, आठवड्यातून पाच दिवस, दर वेळी आठ-दहा तास. लोह तिथेही साठतं, म्हणून हृदय तपासायचं. मॅरोचं सहा महिन्यांनी बघू. बघू म्हणजे काय, असं मंगलने विचारलं. त्या म्हणाल्या, बघू म्हणजे बघू.

घरी आल्यावर मंगलने दप्तरामागची बाटली काढून मोरीत उपडी केली. मोरी बराच वेळ काळी राहिली. मग माझ्याकडे न बघता ती अहिराणीत म्हणाली, ‘नाना, तुले इतलं शिकीसन काय भेटनं?’ (इतकं शिकून तुला काय मिळालं?) तिने ताट वाढलं आणि म्हणाली, ‘जेवाले बस.’ ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी भगवानराव मिलमध्ये गेले, म्हणून स्टेशनवर सोडायला निकिता आणि मंगल आल्या. मंगल तिकिटाच्या रांगेत उभी असताना मी निकिताला विचारलं, डॉक्टर नको म्हणत होत्या हे तुला माहीत होतं, तरी का पीत होतीस?

‘बहुत बेकार लागायचं ते, मामा,’ ती म्हणाली. ‘पण तुम्ही दर रविवारी फोनवर विचारायचे, पिलीस का. तुमच्याशी खोटं कसं बोलू?’

तिने माझी पिशवी गाडीत चढवून दिली. पिशवीत मंगलने लाडवांचा डबा न उघडताच परत दिला होता; अळिवात आणि गुळात लोहच.

‘पुढच्या टाइमला हात हलवत या,’ निकिता खिडकीतून म्हणाली. ‘नुसते या.’

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आधी रडली आणि मग म्हणाली, काहीही झालं तरी मामाने भाचीकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, लोकं काय म्हणतील. मी तिला समजावलं नाही. आयुष्यभर लोकांना समजावून झालंय. पुढच्या महिन्यात निकिताला रक्त चढवायच्या दिवशी मी हात हलवत सुरतेला जातो आहे. पहिली पंधरा मिनिटं सिस्टर तिच्या पलंगाशी उभी असते. मी विचारलंय, मामाने शेजारी उभं राहिलं तर चालतं म्हणे.