सुटली चुंबळ

आश्विनात दिवेलागणीनंतर दक्षिणेकडे विंचू कलंडलेला असतो. त्याच्या नांगीच्या डावीकडे फिकट ताऱ्यांची अर्धी कडी दिसते, म्हणजे नजर चांगली असेल तर. पुस्तकात तिला दक्षिण मुकुट म्हणतात. कोणाच्या डोक्यावर ठेवायचा हा मुकुट, देव जाणे. माझ्यासाठी ती ‘सुटली चुंबळ’ होती. बाया पाणी आणताना घागरीखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची चुंबळ, पण एका बाजूनं सुटलेली. मला ती बाबांनी दाखवली. हे नाव मी तुझ्यासाठी शोधलं, दुसऱ्या कोणाला सांगू नको, असं म्हणाले. मी मैत्रिणींनाही सांगितलं नाही. एवढी मी शहाणी.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. आम्ही मूल या गावी राहायचो. बाबा लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनशी होते, महिन्यातले निम्मे दिवस जंगलातल्या डेपोवर. दसऱ्याच्या सुट्टीत मी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. मुक्काम डेपोजवळच्या गावात, ओळखीच्या एका बाईकडे. तिची मुलगी माझ्याहून लहान होती. दिवसभर ती बाबांना काका म्हणत होती. संध्याकाळी अंगणात बसलो, तेव्हा मात्र पढवलेलं विसरली. दक्षिणेकडे बोट करून म्हणाली, "ते पाय, सुटली चुंबळ. बाबानं दाखवली मले."

कोणाच्या बाबानं, असं मी विचारलं. तिनं हातपाय धूत असलेल्या माझ्या बाबांकडे बोट केलं. तिची आई घाईनं तिला आत घेऊन गेली. बाबा पंच्यानं पाय पुसत राहिले, फार वेळ.

त्या घराचा राग मला नंतर आला. आधी आला तो नावाचा. माझं म्हणून दिलेलं त्यांनी तिलाही दिलं होतं, आणि तिलाही तुझंच म्हणून सांगितलं असणार, अशी ती लबाडी. परतताना बैलगाडीत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

घरी आल्यावर बाबा आंघोळीला गेले आणि मी आईला सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती. दुसऱ्या बाईचं ऐकून तिचा हात थांबला नाही. चुंबळीचं ऐकून थांबला.

"ते माह्या मायनं ठेवलेलं नाव हाय," ती म्हणाली. "लग्नाच्या साली मीनं त्याईले सांगतलं." मग सूप बाजूला ठेवलं. "त्या घराचं मले मालूम होतं. हे नोतं मालूम."

ती रडली नाही. बाबा जेवायला बसले तेव्हा तिनं ताट माझ्या हाती देऊन पाठवलं, आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांना स्वतः कधी वाढलं नाही.