व्याह्याच्या घराचा पाया

तळघरात उतरल्यावर गणपतराव सगळ्यात आधी चप्पल काढतात. ती जिन्याखाली ठेवतात आणि अनवाणी, भिंतीच्या कडेकडेनं एक फेरी मारतात. ओल डोळ्यांना दिसायच्या आधी तळपायाला कळते, असं त्यांचं म्हणणं. माझ्याकडे ओल मोजायचं यंत्र असतं. त्यांची फेरी झाली की मी ते भिंतीला लावतो. बहुतेक वेळा दोघांचं जमतं. एकदा यंत्र बरोबर निघालं आणि ते चुकले, तेव्हा म्हणाले, "पाय म्हातारं झालं गा. नवं यंत्र घे म्हणत न्हाय, नवं पाय मिळत असतील तर बघ."

आमचं काम घरांचे पाये तपासायचं. पुराची ती दोन वर्षं झाल्यापासून कोल्हापूरच्या आसपास तयार पायांची टूम आली आहे. यार्डात काँक्रीटच्या भिंती ओततात, ट्रेलरवरून प्लॉटवर आणतात, आणि क्रेनवाले त्या एका दिवसात उभ्या करून जातात. दोन पॅनेलांमधला जोड रबरासारख्या सिलंटनं भरतात. लोकांना वाटतं, कारखान्यात झालं म्हणजे चुकायचं काही राहिलं नाही. पॅनेल चांगलंच येतं. बिघडतं ते बसवताना, आणि त्याहून जास्त बसवून झाल्यावर, घरमालकाच्या उत्साहात.

गणपतराव मूळचे शाहूवाडीकडच्या डोंगरातले. घरी भातशेती. घराण्यात पहिला डिप्लोमा त्यांचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साइटवर सुपरवायझर म्हणून उन्हात उभे राहिले आणि उतारवयात हे तपासणीचं काम धरलं. यार्डवाले आणि घरमालक भांडायला लागले की दोघंही म्हणतात, गणपतरावांना बोलवा. त्याचं कारण मी पहिल्याच महिन्यात पाहिलं. उचगावच्या एका साइटवर पायाच्या तळाची खडी धुम्मसानं ठोकून दाबून न घेताच पॅनेल ठेवायला सुरुवात झाली होती. गणपतराव म्हणाले, "काम थांबवा." क्रेनवाल्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हे जाऊन पॅनेल जिथं टेकणार तिथंच मांडी घालून बसले. मालक ओरडला, बिल्डर ओरडला. हे तंबाखू मळत बसले. शेवटी क्रेन मागं घेतली.

एवढा माणूस एका घरात मात्र आवाज चढवत नसे. ते घर त्यांच्या मुलीच्या सासरचं.

पूर्णिमा ही त्यांची एकुलती एक. आई लवकर गेली, त्यामुळे लेकीला बापानंच वाढवलेलं. तिला वारणाकाठच्या ऊस-दुधाच्या घरात दिली. सासू हयात नव्हती. सासरे हंबीरराव, नवरा सम्राट, आणि सगळ्यांच्या वर आजेसासू चिमणाबाई, त्यांना पूर्णिमा आत्तीबाई म्हणायची. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा जुना रिवाज गणपतराव अजून पाळत. पिशवीत स्वतःची बाटली असे. पूर्णिमा तरी दर वेळी तांब्या-भांडं घेऊन पुढं यायची. "घ्या की आबा, विष घातलं न्हाय." ते हसून हात जोडायचे. प्रत्येक भेटीत हे व्हायचंच.

हंबीररावांनी पाचगावच्या उतारावर प्लॉट घेतला आणि तयार पाया बसवायचं ठरवलं. उतारामुळं खाली ऐसपैस तळघर मिळणार होतं. ते पूर्णिमानं मागून घेतलं. ती चटणी करायची, कांदा-लसणाची. घरच्या घरी करून ओळखीत विकायची आणि आता दुकानांकडून मागणी यायला लागली होती. तळघरात कांडपयंत्र ठेवायचं, मिरचीची पोती ठेवायची, दोन बायका कामाला घ्यायच्या. सासऱ्यांनी हो-ना करत परवानगी दिली. चिमणाबाईंनी दिली नाही, पण मोडताही घातला नाही. "बघू की, कवा दमतीया," एवढंच म्हणाल्या.

पॅनेल उभी केली आणि जोड भरले ते यार्डाच्या केरबाच्या टोळीनं. केरबा कबनूरचा, पूर्वी यंत्रमागावर होता. माग भंगारात गेले तेव्हा क्रेनच्या टोळीत आला. निघताना त्यानं हंबीररावांना बजावलं होतं, "मालक, वरचा स्लॅब पडल्याबिगर बाहीरनं माती लोटू नका. आणि लोटताना तळाच्या पायपावर आधी खडी."

यात अवघड काही नाही. पाया म्हणजे उघडी पेटी. वरचा स्लॅब म्हणजे तिचं झाकण. झाकण नसताना बाहेरून मातीचा दाब आला तर भिंतीची वरची कड आत येते. आणि भिंतीबाहेर तळाशी पाणी वाहून न्यायला जाळीचा पाइप असतो. त्याच्यावर खडीऐवजी काळी माती पडली की तो गुदमरतो.

पण चिमणाबाईंना वेगळीच काळजी होती. पाया एका दिवसात उभा राहिला, तोही क्रेननं. पूजा झाली नाही, भावकीला बोलावणं गेलं नाही. "चोरून लगीन लावल्यागत पाया घातला," त्या म्हणाल्या. मग मुहूर्त काढला, आणि तो स्लॅबच्या आधीचा निघाला. भावकीचं जेवण घालायचं म्हणजे मांडव हवा, मांडवाला सपाट जागा हवी, आणि पायाच्या चारी बाजूंना तर पुरुषभर खोल चर. त्यात एखादी म्हातारी पडली तर? हंबीररावांनी आदल्या दिवशी जेसीबी बोलावला आणि प्लॉटवरचीच काळी माती लोटून चर बुजवून टाकला. वरून रोलरही फिरवला. मांडव झकास उभा राहिला.

पूजेला मला गणपतरावांबरोबर आमंत्रण होतं. गेल्या गेल्या त्यांना गुलाबी फेटा बांधला, कपाळाला गुलाल लावला, हातात नारळ दिला. त्यांनी मांडवाखालच्या जमिनीकडं पाहिलं. मग नारळ माझ्याकडे दिला, स्कूटरच्या डिकीतून ओळंबा काढला आणि फेट्यासकट शिडीनं तळघरात उतरले.

वरच्या कडेला ओळंब्याची दोरी धरली. लोखंडी वजन खाली गेलं, थरथरलं, थांबलं. भिंतीच्या पायथ्यापासून ते बोटभर लांब होतं. म्हणजे भिंत वरून तेवढी आत आली होती. शेजारच्या जोडात मी नख घालून पाहिलं. जायला नको होतं, गेलं.

"आजच माती काढायला पायजे," गणपतराव म्हणाले. "आणि आतनं टेकू."

वर जाऊन त्यांनी हंबीररावांना बाजूला घेतलं. मी जवळच होतो. ते हळू आवाजात, जवळजवळ विनंती केल्यासारखं बोलले. भिंत झुकलीय, मांडवाच्या एका बाजूची माती तरी आज काढू, लोकांना दुसरीकडं बसवू.

हंबीरराव मोठ्यानं हसले. चार माणसांनी वळून पाहिलं. "पावणं, आज तुमास्नी मानाला बोलावलंय, तपासायला न्हाय! फेटा बांधलाय न्हवं, बसा की गप!"

पूर्णिमा ताटं घेऊन चालली होती. तिनं ऐकलं होतं. बापाजवळ थांबून ती म्हणाली, "आबा, आज नको. एवढ्या बायकांत आत्तीबाई मलाच बोलतील. तळघर हिनंच मागितलं म्हणतील."

मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता हे त्या उचगावसारखे मांडवाच्या मधोमध बसतील आणि तंबाखू काढतील. गणपतरावांनी ओळंब्याची दोरी गुंडाळली, वजन रुमालात बांधलं आणि खिशात टाकलं. जेवण ते तिथं करत नव्हतेच. जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत वाढत फिरले. "घ्या, पावणं, घ्या." फेटा सुटून एक पदर कानावर आला होता.

परत येताना मी म्हटलं, "उद्या पुन्हा सांगू या."

"मुलीचा बाप हाय मी," ते म्हणाले. "एकदा सांगितलं."

स्लॅब तशाच झुकलेल्या भिंतींवर पडला. घर वर चढलं. ज्येष्ठात पूर्णिमाचं कांडपयंत्र खाली बसलं, मिरचीची पोती आली, दोन बायका कामाला लागल्या. आषाढात पाऊस लागून राहिला तेव्हा काळी माती फुगली, तळाचा पाइप केव्हाच चिखलानं भरला होता, आणि पाणी आपली वाट शोधत जोडातून आत आलं. पूर्णिमानं सकाळी दार उघडलं तर पोती खालून भिजलेली. वरवर कोरडी दिसणारी मिरचीही आठवड्यात पांढरी पडली. बुरशी.

यार्डाची हमी होती. बसवण्यात चूक असेल तर ते भिंत उकरून, सरळ करून, जोड नव्यानं भरून देणार. चूक आहे की नाही हे कुणी ठरवायचं? यार्डाच्या मालकाला हंबीररावांनी फोन लावला. तो म्हणाला, "गणपतराव तुमचे व्याही आहेत, माहीत आहे मला. तरी ते लिहितील ते मान्य." खरं तर तो नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

हंबीररावांनी आम्हाला बोलावलं. गणपतरावांनी चप्पल काढून तळघरात फेरी मारली. पाणी घोट्याला लागत होतं, त्यात तळपायाला कळण्यासारखं वेगळं काही उरलं नव्हतं. मी जोड कापून पाहिला. सिलंट आतपर्यंत नीट भरलेलं होतं, दोन्ही कडांना घट्ट चिकटलेलं, आणि मधून फाटलेलं. ताणल्यावर फाटतं तसं.

वर दिवाणखान्यात हंबीररावांनी सरळच विषय काढला. "दोन वळी लिवा पावणं. जोड भरणाऱ्यानं काम कच्चं केलं."

"जोड फाटलाय. भरला चांगलाच हुता."

"ते तुमास्नी कळतंय, मला कळतंय. यार्डवाल्याला कुठं कळतंय?"

"केरबाचं काम जाईल. परत कोण घेणार त्याला?"

"केरबा तुमचा कोण? आणि पूर्णिमा तुमची कोण?"

सम्राट मोबाइलमध्ये बघत बसला होता. पूर्णिमा दारात उभी होती. गणपतराव म्हणाले, "मी त्या दिवशी सांगितलं हुतं, पावणं. माती काढा म्हणून."

हंबीरराव इतका वेळ हसत होते ते थांबले. "सांगितलं? एकदा. कानात. परक्याच्या साइटवर तुम्ही मांडी घालून बसता, क्रेन मागं घ्यायला लावता. अख्ख्या कोल्हापुरात नाव हाय तुमचं. आणि आमच्यात फेटा बांधून जिलेबी वाढत फिरला! ते काम तुमचं न्हवतं व्हय?"

गणपतराव पिशवी उचलून उठले. चुकलेला माणूस खरं बोलत होता.

जिन्यात पूर्णिमानं बापाला गाठलं. ती रडत नव्हती. "आबा, एवढं एक लिहा. यार्डाला काय फरक पडतोय? नाहीतर हे लोक दुरुस्ती करणार न्हाईत. माझं सगळं गेलं मग."

"केरबा खोटा पडंल, पूर्णे."

"आणि मी?"

अहवाल आम्ही ऑफिसात लिहिला. गणपतराव सांगत गेले, मी टाइप करत गेलो. पॅनेल निर्दोष. जोड निर्दोष. स्लॅबपूर्वी मातीभराव केल्यानं भिंत झुकली. पाइपवर खडी नाही. सही करायच्या आधी ते उठून बाहेर गेले, चहाच्या गाड्यापाशी बराच वेळ नुसते उभे राहिले, चहा न घेताच परत आले आणि सही केली.

केरबाला मी फोन करून कळवलं. मला वाटलं होतं, तो गहिवरेल. तो म्हणाला, "चूक न्हवती तर न्हवती लिवली, त्यात काय इशेष? बरं, इकडं क्रेन थांबलीया, ठेवू का?"

हंबीररावांनी भिंतीला हात लावला नाही. पैसे नव्हते असं नाही. पूर्णिमानं विचारलं तेव्हा म्हणाले, "तुझ्या बापानं लिवलंय आमची चूक हाय. आमची चूक आमी भोगतो." कांडपयंत्र सम्राटनं विकून टाकलं. चिमणाबाईंनी सगळ्या गल्लीला सांगितलं, बरं झालं, सून घरात बसली.

श्रावणात पंचमी आली. लेकींनी माहेरी यायचा सण. गणपतरावांना मुलगा नाही, त्यामुळं दर पंचमीला लेकीला आणायला मुऱ्हाळी म्हणून तेच जायचे. नवी साडी घेतली, पेढे घेतले. पावसात स्कूटर नको म्हणून मी माझ्या गाडीतून सोडलं आणि त्यांच्याबरोबर आत गेलो.

हंबीरराव झोपाळ्यावर होते. उठले नाहीत. "या, पावणं. आज काय तपासायचंय?"

"पूर्णिमाला न्यायला आलोय. पंचमीला."

"विचारा तिला. आमी कुणाला आडवत न्हाय."

पूर्णिमा आतून आली. हात पिठानं भरलेले होते. बापाकडं न बघता तिनं साडीची पिशवी घेतली आणि टेबलावर ठेवली.

"मी येत न्हाय, आबा."

"दोन दिवस तरी."

"इथलं काम आडतं मग. सासूबाई न्हाईत, आत्तीबाईंचं मलाच बघायला लागतंय. आता दुसरं काय काम बी न्हाय मला."

पिठाचे हात बघत ती आत गेली. आतून पोळपाटावर लाटणं फिरल्याचा आवाज येऊ लागला.

आम्ही तसेच बसून राहिलो. बाहेर पाऊस पडत होता. गणपतरावांची नजर दोनतीनदा आतल्या दाराकडं गेली. मला वाटलं, तिची वाट बघतायत, साडी घेऊन बाहेर येईल म्हणून. निघताना गाडीत बसल्यावर त्यांनी पिशवीतली बाटली काढली, झाकण उघडलं, आणि न पिताच पुन्हा लावलं.

"आज पाणी बी न्हाय विचारलं गा," ते म्हणाले.