गोळी गिळायचं काम माझं

"सहा महिन्यांच्या द्या," असं म्हणून द्वारकाबाईंनी खिडकीतून कार्ड आत सरकवलं.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहे. सरकारी नाव औषध निर्माण अधिकारी. निर्माण मी काहीच करत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची, गोळ्या काढायच्या, कागदाच्या पाकिटात घालायच्या आणि कधी घ्यायच्या ते पाकिटावर लिहायचं. बावीस वर्षं हेच करते आहे.

कार्ड बीपीचं होतं. त्या दिवसाचं बीपी १७०/१००. निरोगी माणसाचं १२०/८०च्या आसपास असतं. दसरा होऊन गेला होता आणि द्वारकाबाईंची टोळी परवा निघणार होती. आमच्या भागातून ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. असे बारा कोयते म्हणजे द्वारकाबाईंची टोळी. गेलेली टोळी कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत परत येत नाही.

नियम तीस दिवसांच्या गोळ्यांचा आहे. दर महिन्याला पेशंटने यावं, बीपी मोजावं, पुढच्या तीस न्याव्यात. गावात राहणाऱ्या माणसासाठी नियम चांगला आहे.

मी तेव्हा काही फार मायेने बोलत नव्हते. गेल्या वर्षीच्या हंगामाचे सगळे रकाने कार्डावर कोरे होते आणि त्यावर माझ्याच अक्षरात 'उपचार सोडला' असं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, मागच्या वेळी एका महिन्याच्या तरी कुठे संपवल्या तुम्ही?

त्यांनी पिशवीतून गेल्या वर्षीचं पाकीट काढलं. आत निम्म्याहून जास्त गोळ्या तशाच होत्या. पाकिटावर मी लिहिलेलं होतं: सकाळी जेवणानंतर एक.

"तीनला उठतो आमी," त्या म्हणाल्या. "फडात जातो. भाकरी खायला अकरा-बारा वाजतेत. गोळ्या राहिल्या कोपीवर. कोपीवर परत यावं तर दिवस बुडालेला. मंग सकाळ कुठली? अन् उपाशीपोटी खाऊन चक्कर आली तर हातात कोयता असतो, म्याडम."

फड म्हणजे तोडायच्या उसाचं शेत. कोपी म्हणजे पाचटाची, ताडपत्रीची झोपडी. ज्या दिवशी फडात जायला उशीर झाला आणि भाकरी कोपीवरच खाल्ली, त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली होती. एरवी नाही. मी लिहिलं तसंच त्यांनी केलं होतं.

खरं तर त्या गोळीला जेवण लागत नाही. रोज एका ठरावीक वेळी घेतली म्हणजे झालं. 'जेवणानंतर' हे मी सवयीने लिहिते. आमच्याकडे बहुतेक पाकिटांवर तेच लिहिलेलं असतं.

मी विचारलं, रोज न चुकता काय करता? त्यांना विचार करावा लागला नाही. मिसरी. म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना लावायची. तंबाखूने बीपी वाढतं, ती आधी सोडा, असं मी सांगितलं, कारण ते सांगणं माझं काम आहे.

"सुटंल तवा सुटंल," त्या म्हणाल्या. "तवर गोळी डबीपाशी ठिवते. डबी मी कुटं इसरत न्हाई."

मी नव्या पाकिटावर लिहिलं: पहाटे, मिसरीच्या वेळी. सरकारी पाकिटावर असलं काही मी पहिल्यांदाच लिहीत होते. पण त्यात तीसच गोळ्या होत्या. मी त्यांना घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले.

आमचे डॉक्टर तरुण आहेत, कामसू आहेत. त्या दिवशी बाहेर लांब रांग होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, लोकांनीही थोडी जबाबदारी घ्यायला नको का? मोफत तपासायचं, मोफत औषध द्यायचं, आता ते खाल्लं का हेही सरकारनेच बघायचं?"

प्रश्न मला विचारला होता. उत्तर द्वारकाबाईंनी दिलं. आवाज चढला नाही.

"साहेब, गोळी गिळायचं काम माझं. ती माझ्यापत्तुर यायचं काम तुमचं. माझ्या कामात कसूर झाली तर बोला मला. माझी थोरली बहीण फडातच लकवा होऊन पडली. दोन सालं झाली, मी तिला घास भरविते. मला घास भरवायला कुणी न्हाई."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी एक बरोबर अडचण सांगितली. सहा महिने बीपी न मोजता गोळ्या देणं धोक्याचं. कमी पडतील, नाहीतर जास्त होतील. दोन महिन्यांच्या ते स्वतःच्या सहीने देतील. पुढच्या गोळ्या कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातून घ्यायच्या. तसं पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.

मी तिथल्या फार्मासिस्ट बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, हे लोक आमच्या पॉप्युलेशनमध्ये नाहीत. पॉप्युलेशन म्हणजे केंद्राच्या हद्दीतल्या गावांची माणसं. औषधं त्यांच्या आकड्यावर येतात. ऊसतोडवाल्यांचा आकडा आमच्याकडे असतो आणि माणसं सहा महिने तिकडे असतात. मी म्हटलं, बाई, तुमच्याकडे माणूस आहे, औषध नाही. माझ्याकडे औषध आहे, माणूस नाही. त्या म्हणाल्या, पाठवा, बघू.

'बघू'चा अर्थ सरकारी नोकरीत मला चांगला कळतो.

दोन महिने झाले. द्वारकाबाईंच्या नवऱ्याचा फोन लागेना. तिसरा महिना सुरू झाला. केंद्रात राहते ती त्यांच्या कार्डाची प्रत मी पुढ्यात घेऊन बसले होते. पुन्हा तेच दोन शब्द लिहायचे बाकी होते, तेवढ्यात तिकडच्या फार्मासिस्ट बाईंचा फोन आला.

"तुमची ती द्वारका," त्या म्हणाल्या, "काय बाई आहे हो."

झालं ते असं. द्वारकाबाई पहिल्यांदा पत्र घेऊन एकट्या गेल्या, तेव्हा त्यांना यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलं गेलं. एक दिवसाचा खाडा झाला, तो वेगळाच. त्या भांडल्या नाहीत. शिल्लक गोळ्या रोज घेत राहिल्या. मग कारखान्याची मशीन बिघडली आणि दोन दिवस तोड थांबली. त्यातल्या पहिल्या दिवशी द्वारकाबाईंसकट टोळीतल्या बाराही बाया केंद्रात गेल्या आणि ओपीडीच्या रांगेत बसल्या. औषध मागितलं नाही. फक्त आमचं बीपी मोजा म्हणाल्या. मोजायला कुणी नाही म्हणू शकत नाही. बाराजणींपैकी पाचजणींचं वाढलेलं निघालं. त्यातल्या चौघींनी आयुष्यात कधी मोजलंच नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, सगळ्यांना कशाला आणलंत? त्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, "मी एकली आले तर तुमी यादीत न्हाई म्हणले. आता बाराजणी हाईत. यादी करा."

डॉक्टरांनी यादी केली. तालुक्याला मागणी पाठवली आणि औषध येईपर्यंत स्वतःच्या साठ्यातून दिलं. पुढे महिन्यातून एकदा नर्स मशीन घेऊन कोप्यांवर जाऊ लागली, संध्याकाळी, बाया फडातून आल्यावर. पाकिटांवर काय लिहू, एवढंच विचारायला फार्मासिस्ट बाईंनी त्या दिवशी मला फोन केला होता.

चैत्रात टोळी परत आली. तिसऱ्या दिवशी द्वारकाबाई खिडकीशी हजर. कार्डावर दुसऱ्या जिल्ह्याच्या केंद्राचे शिक्के होते, तिसऱ्या महिन्यापासून प्रत्येक महिन्याला एक. मिसरी सुटलेली नव्हती, तेही त्यांनी आपणहून सांगितलं. आमचे डॉक्टर बाहेर येऊन उभे राहिले आणि त्यांनी स्वतः बीपी मोजलं. १३२/८४.

"चांगलं आहे," ते म्हणाले.

"माझं झालं. आता हिचं बघा," म्हणून द्वारकाबाईंनी मागे उभ्या असलेल्या जावेला पुढे ढकललं. ही जाऊ त्यांच्या टोळीतली नव्हती. ती कर्नाटकातल्या कारखान्याला जाते. तिथे पत्र चालेल का, हे आम्हाला अजून माहीत नाही. डॉक्टरांनी तिच्या कार्डाचं काम त्याच दिवशी सुरू केलं.

त्या वर्षीपासून दसऱ्याआधी आम्ही टोळ्यांच्या गावांत जातो. बीपी मोजतो, दोन महिन्यांच्या गोळ्या आणि पत्र देतो. तालुक्याच्या अहवालात त्याला 'नावीन्यपूर्ण उपक्रम' म्हटलं आहे. खाली आमच्या केंद्राचं नाव आहे. द्वारकाबाईंसाठी त्या फॉर्मात रकाना नाही.

लोकांनी आपल्या तब्येतीची जबाबदारी घ्यावी, असं मला आजही वाटतं. फक्त एखाद्याने ती घेतली नाही असं लिहिण्याआधी, ती घ्यायला लागणारं सामान त्याच्यापर्यंत पोचलं होतं का, हे खिडकीच्या आतल्या बाजूला शोधावं. बऱ्याचदा ते तिथेच कपाटात पडलेलं असतं, आणि किल्ली आपल्याकडे असते.