वाचल्याची खूण

माझी बायको चार बंगल्याच्या बाजारात म्हावरं विकायची. मी होडीवर होतो, गुडघे गेल्यापासून वर्सोव्यात घरी बसून. ती गेली पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात तेव्हा. त्या दिवसांत बाजारातली तिची जागा रिकामी दिसली तरी कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक समजतं, मासेमारी बंद आहे, मावशी घरी असेल. आमचा गाव येऊन गेला, नातेवाईक येऊन गेले. बिल्डिंगवाल्या बायकांना कोण सांगणार? मी नाही सांगितलं.

तिचा फोन मी ठेवून घेतला.

त्या फोनचं सगळं सुनेने करून दिलेलं. बायकोला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे सकाळी काय आलंय ते गिऱ्हाइकाला फोटो पाठवून दाखवायचं तिच्या मनात होतं. पण साध्या मेसेजमधून फोटो नीट जायचाच नाही. गेला तर सुरमई आहे की चप्पल, ते कळायचं नाही. सगळ्यांकडे असतं ते हिरवं ॲप तिने काढून टाकलेलं. म्हणायची, "त्यात नातेवाईक सकाळपासून फुलं पाठवतात. माझं नेट काय फुलांसाठी आहे?"

मग सुनेने साध्या मेसेजच्याच आत कुठेतरी जाऊन चॅट म्हणून काहीतरी चालू केलं. फोन बराच वेळ नंबर तपासत बसला, मग जोडलं गेलं म्हणाला. सून समजवायला लागली, "आई, मेसेज तिथेच, नंबर तोच, फक्त आता नेटवरून जाणार. समोरच्याकडे पण हे चालू असेल तर फोटो स्वच्छ जाईल. नसेल तर आपला जुना साधा मेसेज."

"मला काय करायचंय ते सांग."

"फोटो काढायचा आणि पाठवायचा."

"मग एवढं कीर्तन कशाला करत बसलीस?"

पण जमलं तिला. पाटी मांडली की माशाशेजारी आपला हात ठेवायची आणि फोटो काढायची. हातावरून गिऱ्हाइकाला माशाचा आकार कळतो. महागड्या फोनवाल्या बायकांना पूर्वी तिचे फोटो जात नव्हते, त्यांनाही जायला लागले. उत्तरं यायची. कोणी अंगठा दाखवायचं, कोणी लिहायचं, मोठं पापलेट ठेव. ते वाचून दाखवायचं काम माझं. मी चौथीपर्यंत गेलेला माणूस. अक्षर अक्षर लावून वाचायचो आणि ती ओरडायची, "लवकर वाच ना, गिऱ्हाईक म्हातारं होईल."

नारळी पौर्णिमा झाली. होड्या सुटल्या आणि तिच्या फोनवर मेसेज सुरू झाले. मावशी, आलीस का बाजारात? मावशी, कोळंबी आहे का? मी संध्याकाळी चहा घेऊन बसायचो आणि एकेक उघडायचो. आधी वर सरकवून तिचे जुने फोटो बघायचे. प्रत्येकात तिचा हात. कधी सुरमईशेजारी, कधी बोंबलाशेजारी, मनगटावर खवले चिकटलेले. मग खाली येऊन नवीन मेसेज वाचायचा आणि फोन ठेवून द्यायचा. उत्तर नाही. मी सांगत नव्हतो तोवर त्या बायकांच्या लेखी ती कुठेतरी पाटी मांडून बसलेली होती. मला तेवढंच पाहिजे होतं.

सुनेने विचारलं होतं, "बाबा, आईंच्या जागेवर मी बसू का? बाजूवालीने आपली पाटी तिथे सरकवलीय. आणि फोन लागेल मला. गिऱ्हाइकं त्यातच आहेत."

"बसशील गो. पळून चाललीय का जागा?"

जागा पळून चाललीच होती, ते मलाही दिसत होतं.

मग एका बाईचा मेसेज आला. लांबलचक. लिहिलं होतं, "मावशी, माझे मेसेज वाचतेस आणि उत्तर देत नाहीस. रागावलीस का? त्या दिवशी पापलेटवरून मी नको ते बोलले. सगळ्यांसमोर तुला लुटारू म्हटलं. माझं चुकलं. आता तरी बोल."

मी सुनेला हाक मारली. "हिला कसं कळलं, वाचलं म्हणून?"

सुनेने फोन घेतला, बघितला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, तुम्ही रोज उघडून वाचता?"

"मग?"

"आपण उघडलं की तिकडे टिक भरते. चालू करतानाच ते चालू झालं होतं. त्यांना दिसतं ना, मावशीने वाचलं."

म्हणजे इतके दिवस मी इथे चहा पीत होतो आणि तिकडे बायकांना दिसत होतं की मेलेली बाई मेसेज वाचते आणि तोंड फिरवते. सुनेने दाखवलं, हे बटण बंद केलं की वाचलेलं कळत नाही. करू का? बंद केलं असतं तर मी रोज वाचत बसायला मोकळा होतो. कोणाला पत्ता लागला नसता.

पण ती बाई स्वतःलाच दोष देत बसलेली. तिने काय केलं होतं? भाव केला होता.

"राहू दे बटण," म्हटलं.

मी भिंतीवरचा बायकोचा हार घातलेला फोटो खाली काढला. भिंतीवर असताना काचेत ट्यूबलाइट येत होती. पलंगावर ठेवून त्याचा फोटो काढला आणि त्या बाईला पाठवला. एक अक्षर लिहिलं नाही.

"बाबा! असं कोणी पाठवतं का? तिच्याच नंबरवरून?"

"मग कोणाच्या नंबरवरून पाठवू?"

टिक भरली. खाली तीन ठिपके हलायला लागले. सून म्हणाली, ती लिहितेय. ठिपके थांबले. परत हलले. परत थांबले. एवढ्या वेळात माणूस पोथी लिहील. शेवटी आलं, "काका, मला माफ करा."

मी बोटाने शोधून शोधून लिहिलं. "ती रोज कोणाशी तरी भांडायची. तुमचं घरी काही बोलली नाही." खोटं नव्हतं. खरंच बोलली नव्हती.

मग बाकीच्यांनाही तोच फोटो पाठवला. एकेकीला. सून म्हणाली, सगळ्यांना एकदम जातो, मी करून देते. नको म्हटलं. रडण्याची चित्रं आली, हात जोडलेले आले, एकीने फोनच केला, तो मी उचलला नाही. एवढ्यांदा तिला मारायचं म्हणजे माणूस थकतो. शेवटचा पाठवून झाल्यावर फोन सुनेच्या हातात दिला आणि आडवा झालो.

आता ती बसते चार बंगल्याला. बाजूवालीशी भांडून जागा मोकळी करून घेतली. सकाळी फोटो पाठवते, टिक भरते, ठिपके हलतात, ती फटाफट उत्तर देते. घरी आली की विचारते, "बाबा, बघायचाय का फोन?"

मी नको म्हणतो. त्यात आलेलं आता तिला आलेलं असतं.